रुग्णसुरक्षेचं काम टिकतं कशावर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचं १०० खाटांचं खासगी रुग्णालय. एनएबीएच (रुग्णालयाच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) मिळून दीड वर्ष झालं. मी चार महिन्यांपूर्वी क्वालिटी कोऑर्डिनेटर म्हणून रुजू झाले. असेसमेंटच्या आधी सगळ्यांनी रात्रीचा दिवस केला होता म्हणे. आता इन्सिडेंट फॉर्म (चूक किंवा अपघात कळवायचे फॉर्म) येत नाहीत, हँड हायजीनचं (हात स्वच्छ ठेवण्याचं) ऑडिट दर महिन्याला ९५ टक्के येतं, ओटीची (ऑपरेशन थिएटरची) चेकलिस्ट केस संपल्यावर एकदम भरली जाते, आणि तेव्हाचा निम्मा स्टाफ सोडून गेला आहे. कपाटात जुने अकरा इन्सिडेंट फॉर्म सापडले, त्यांचं पुढे काहीच झालेलं नाही. हे सगळं पाच-दहा वर्षं टिकवायचं कसं?"

मी २६ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. पहिली बारा वॉर्ड आणि आयसीयूत गेली, नंतर इन्फेक्शन कंट्रोल केलं, आता क्वालिटी बघते. तुम्ही लिहिली आहे तशी घसरण मी दोन रुग्णालयांत जवळून पाहिली आहे. म्हणून आधी हे सांगते की तुमचा स्टाफ आळशी नाही, बेफिकीरही नाही. ज्या कामाचं पुढे काही होत नाही, ते माणूस हळूहळू सोडून देतो. नाइटला एकटीने पंधरा पेशंट बघणारी सिस्टर तर सोडणारच, कारण फॉर्म भरायला लागणारी दहा मिनिटं तिला कुठल्या तरी पेशंटच्या वाट्यातून काढावी लागतात.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ त्या अकरा फॉर्ममध्ये आहे. ट्रेनिंग, पोस्टर, सेफ्टी वीक हे सगळं नंतरचं. जिने काही कळवलं तिला उत्तर मिळालं का, आणि ते उत्तर तिच्या वॉर्डात डोळ्यांना दिसलं का, यावर कार्यक्रम जगतो किंवा मरतो.

हे मला केसीएलच्या (पोटॅशियम क्लोराइड या इंजेक्शनच्या) एका अँप्यूलने शिकवलं. आमच्या मेडिकल वॉर्डात इंजेक्शन ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात डिस्टिल्ड वॉटर आणि पोटॅशियम क्लोराइड शेजारी-शेजारी असायचं. दोन्ही दहा मिलीचे, दोन्ही पारदर्शक प्लास्टिकचे, दोन्हींवरची अक्षरं निळी. रात्री अडीच वाजता एक सिस्टर, नोकरीला लागून चारच महिने झालेली, अँटिबायोटिक डायल्यूट करायला हात घालते आणि केसीएल उचलते. तोडायच्या आधी ट्यूबलाइटखाली धरून पुन्हा वाचते, म्हणून वाचली. पेशंट वाचला, तीही वाचली. केसीएल न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं, हे तुम्हाला सांगायला नको. इनचार्ज म्हणाली, "झालं तर काही नाही ना? मग कशाला लिहितेस?" तरी त्या मुलीने फॉर्म भरला. तो माझ्याकडे आला. मी त्यावर नंबर टाकला आणि 'केलेली कारवाई' या रकान्यात लिहिलं: "संबंधित स्टाफला समज देण्यात आली."

तीन महिन्यांनी सर्जिकल वॉर्डात हेच झालं. तिथल्या सिस्टरने काही लिहिलं नाही, मला कँटीनमध्ये उडत उडत कळलं. तिला बाजूला घेऊन विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, मेडिकलच्या सिस्टरने लिहिलं होतं ना. समज तिलाच मिळाली."

त्या वाक्यानंतर मी 'समज दिली' हे शब्द कुठल्याच फॉर्मवर लिहिले नाहीत. त्याच आठवड्यात फार्मसी, मेट्रन आणि फिजिशियन सरांबरोबर बसून केसीएल सगळ्या जनरल वॉर्डांतून काढलं. फक्त आयसीयू आणि ओटीत, वेगळ्या लाल डब्यात, कुलपात. आणि पहिला फॉर्म लिहिणाऱ्या त्या मुलीला मी स्वतः वॉर्डात जाऊन रिकामा कप्पा दाखवला. म्हटलं, "हे तुझ्यामुळे झालं." पुढच्या महिन्यात त्या एका वॉर्डातून सहा फॉर्म आले.

पण टिकण्याबद्दलची खरी शिकवण चार वर्षांनी मिळाली. एका रविवारी राउंडवर असताना फीमेल वॉर्डच्या ट्रॉलीत, कापसाच्या डब्यामागे, केसीएलचे दोन अँप्यूल सापडले. माझा संताप झाला. विचारलं तर कळलं, फार्मसी रात्री अकराला बंद व्हायला लागली होती. आधी चोवीस तास होती, मग एक माणूस कमी झाला. रात्री कुणाचं पोटॅशियम कमी आलं की आयसीयूतून मागायचं, आयसीयू म्हणणार आमच्याकडे मोजून आहे, डॉक्टर फोनवर ओरडणार. मग इनचार्जने 'इमर्जन्सीला' दोन लपवून ठेवले. तिने नियम मोडला तो पेशंटसाठीच. चूक आमची होती. आम्ही वॉर्डातून औषध काढलं आणि त्या औषधाची रात्रीची गरज कोण भागवणार हे ठरवलंच नाही. त्यानंतर नाइट सुपरवायझर सिस्टरकडे एक कुलपाचा बॉक्स दिला. ऑर्डर दाखवायची, मात्रा आणि किती सलाईनमध्ये घालायचं ते दोघींनी वाचायचं, दोघींच्या सह्या. तेव्हापासून वॉर्डात केसीएल सापडलेलं नाही, आणि मी आजही दर महिन्याला एकदा न सांगता ट्रॉली उघडून बघते.

सांगायचा मुद्दा असा की कुठलाही सुरक्षेचा नियम रात्री दोन वाजता, रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत पाळता येतो का, हे नियम लावण्याआधी बघा. दिवसा पाळता येणारे नियम असेसमेंटपुरते टिकतात.

आता तुमच्या ९५ टक्क्यांबद्दल. इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर हातात फॉर्म घेऊन उभी राहिली की सगळे हात धुतात, त्यामुळे तो आकडा खोटा नसला तरी कामाचा नाही. त्याच्याबरोबर स्टोअरमधून हँडरबचा (हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाचा) महिन्याचा खप मागवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्वयंमूल्यमापनात दर १००० पेशंट-दिवसांमागे किमान २० लिटर हँडरब हा एक निकष आहे. तुमच्याकडे सरासरी ७० खाटा भरलेल्या असतील तर महिन्याचे २१०० पेशंट-दिवस होतात, म्हणजे निदान ४२ लिटर, अर्ध्या लिटरच्या ८४ बाटल्या. आम्ही हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा ऑडिट ९२ टक्के होतं आणि खप निकषाच्या निम्माही नव्हता. खप वॉर्डवार काढा. मग वॉर्डात जाऊन बाटली कुठे आहे ते बघा. आमच्याकडे ती बहुतेक जागी सिस्टर स्टेशनवर होती, पेशंटपासून पंधरा पावलं लांब. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी स्टँड लावल्यावर खप वाढला, एकही लेक्चर न देता. या आकड्याला भरवसा आहे कारण तो कुणी भरत नाही, तो बिलातून येतो. अर्थात बाटल्या घरी जात नाहीत ना, एवढं बघावं लागतं.

ओटीच्या चेकलिस्टबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे जगभरचा अनुभव हाताशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १९ कलमांची चेकलिस्ट २००८ साली आली. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यात नवी दिल्लीतलंही एक होतं, ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर आल्या. मग कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ती सक्तीची झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. चेकलिस्ट भरल्याची नोंद जवळजवळ शंभर टक्के, आणि मृत्यू वा गुंतागुंतींत म्हणावी अशी घट नाही. कागद तोच होता. याच्या कारणांवर तज्ज्ञ अजून वाद घालतात, पण ओटीत उभं राहिलेल्या कुठल्याही सिस्टरला त्यातला एक भाग लगेच कळेल. टिक करणं वेगळं आणि थांबून एकमेकांकडे बघून बोलणं वेगळं.

आमच्याकडे तीन वर्षं चेकलिस्ट तुमच्यासारखीच शेवटी भरली जायची. सर्क्युलेटिंग नर्स ड्रेसिंग चालू असताना एका दमात टिका मारायची. बदल झाला तो एका साध्या गोष्टीने. सर्वांत ज्येष्ठ सर्जनना आम्ही विनंती केली की टाइम आऊट (काप घेण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंट, शस्त्रक्रिया आणि बाजू तपासणं) तुमच्या तोंडून सुरू होऊ दे, आणि स्क्रब सिस्टरला (सर्जनच्या हातात हत्यारं देणारीला) सांगितलं की तो होईपर्यंत नाइफ तुझ्या ट्रॉलीवरच राहील. दोन आठवडे सरांना आठवण करावी लागली. तिसऱ्या आठवड्यात हर्नियाच्या एका केसला सरांनी विचारलं, "कुठली बाजू?" तर फाईलमध्ये उजवी, ओटी लिस्टवर डावी. पेशंटच्या अंगावरची मार्करची खूण उजवीकडे होती, म्हणून निभावलं. त्यानंतर सरच दुसऱ्या सर्जनना सांगायला लागले. क्वालिटीच्या माणसाने शंभर वेळा सांगून जे होत नाही, ते एका सर्जनने दुसऱ्याला चहावर सांगितलं की होतं. म्हणून तुमच्याकडे असा एक डॉक्टर शोधा. तो पदाने मोठा नसला तरी चालेल, बाकीचे त्याचं ऐकतात एवढं पुरे.

टिकलेल्या कामाचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं बघा. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या पुढाकाराने २००३ पासून तिथल्या १०३ आयसीयूंनी सेंट्रल लाईनचे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे) संसर्ग कमी करायचं काम हाती घेतलं. करायच्या गोष्टी पाचच: हात धुणं, पूर्ण ड्रेपिंग (पेशंटला निर्जंतुक कापडाने झाकणं), क्लोरहेक्सिडीनने त्वचा निर्जंतुक करणं, शक्यतो मांडीतली लाईन टाळणं, गरज संपली की लाईन काढणं. दर १००० कॅथेटर-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस लाईन म्हणजे एक कॅथेटर-दिवस) सरासरी ७.७ संसर्ग होते, ते दीड वर्षात १.४ वर आले. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीन वर्षांनी पाहिलं तर ते १.१ होते. यादीची पाच कलमं सगळेच सांगतात, त्यामागचं काम मागे पडतं. लाईनचं सगळं सामान एका ट्रॉलीत आलं. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा हक्क नर्सला मिळाला, आणि तिच्यामागे प्रशासन उभं राहिलं. प्रत्येक आयसीयूला स्वतःचे आकडे नियमित परत मिळत राहिले. पुन्हा तेच: कळवलेलं परत येत होतं.

आकड्यांवरून एक धोक्याची सूचना. फॉर्म यायला लागले की तुमचा घटनांचा आलेख वर चढेल, आणि ट्रस्टी किंवा डायरेक्टर विचारतील, "एनएबीएच असून घटना वाढल्या कशा?" या प्रश्नाला घाबरून अनेक कोऑर्डिनेटर फॉर्म 'गाळायला' लागतात, आणि तिथेच सगळं संपतं. म्हणून आलेख वर जायच्या आधीच त्यांना भेटून सांगा की पहिली दोन वर्षं नोंदी वाढणार आहेत, आणि वाढल्या नाहीत तर काळजी करा. शंभर खाटांच्या रुग्णालयात महिन्याला शून्य घटना होत नाहीत. निअर मिस (इजा होता होता टळलेल्या घटना) आणि इजा झालेल्या घटना वेगवेगळ्या दाखवा. पहिल्या वाढत आणि दुसऱ्या कमी होत जायला हव्यात.

फॉर्म एका पानाचा ठेवा, मराठीत भरला तरी चालेल असं लेखी द्या, नाव लिहिणं ऐच्छिक ठेवा. आमच्या जुन्या फॉर्मवर चार पानं होती आणि इंग्रजीचा धाक होता. मावशी आणि मामांनी तर कधी तो हातातही घेतला नव्हता, आणि वॉर्डातलं सर्वांत जास्त त्यांनाच दिसतं. मेल वॉर्डात दोन महिन्यांत तीन आजोबा बाथरूमच्या पायरीवर पडले, तिन्ही पहाटे चार ते सहाच्या मध्ये. तिन्ही फॉर्मवर "पेशंट व नातेवाइकांना सूचना दिल्या" असंच लिहिलेलं. मी सहज वॉर्डातल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ताई, साडेचारला मी फरशी पुसते. पाचच्या आत वॉर्ड चकचकीत पाहिजे असं सांगितलंय. आणि म्हाताऱ्या माणसांना तेव्हाच लागते." फरशी पुसायची वेळ सव्वासहावर नेली, पायरीजवळ दांडी बसवली. पुढे वर्षभर त्या पायरीवर कुणी पडलं नाही. मावशींचं नाव नोटीस बोर्डावर लागलं तेव्हा त्यांनी आपल्या मुलाला बोलावून फोटो काढून घेतला.

स्टाफ बदलण्यावर रामबाण उपाय माझ्याकडे नाही. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन आलेली मुलगी दीड-दोन वर्षांत सरकारी भरतीत लागते, लग्न होऊन जाते किंवा परदेशाच्या परीक्षेला बसते. तिला दोष देता येत नाही, पगार आपणच तेवढा देतो. तिला लक्षात ठेवावं लागेल असं जितकं कमी ठेवाल तितकं बरं. केसीएल वॉर्डात नाहीच, तर काल आलेल्या मुलीने तो नियम शिकला नाही तरी चालतं. जे शिकवायचंच आहे ते सभागृहात दोन तास स्लाइड लावून शिकवू नका. पहिल्या ड्यूटीला, त्याच वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरने, पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून चार-पाच गोष्टी करून दाखवायच्या.

त्यातली एक मी कधीच सोडत नाही, पेशंटची ओळख पटवणं. "तुम्ही पाटील आजी ना?" असं विचारलं की आजी मान डोलावतात. ऐकू आलं नसलं तरी डोलावतात, सिस्टर विचारतेय म्हणजे बरोबरच असणार म्हणून डोलावतात. आमच्या भागात एका वॉर्डात तीन पाटील असणं नेहमीचं. म्हणून "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा" असंच विचारायचं, आणि रिस्टबँडवरचा नंबर जुळवायचा. नवीन मुलीला हे एकदा सांगून भागत नाही, तिने तीन पेशंटना विचारताना मी ऐकते.

प्रत्येक वॉर्डात एक लिंक नर्स (वॉर्ड आणि तुमच्यातला दुवा) नेमा, आणि तिला ड्यूटी रोस्टरमध्ये आठवड्याला दोन तास लिहून द्या. रोस्टरमध्ये वेळ दिला नाही तर ते पद फक्त चार्टवर राहतं, हे मी करून बसले आहे. सगळा कार्यक्रम तुमच्या एकटीच्या टेबलावर असेल तर तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर गेलात तरी बंद पडेल. सकाळच्या हँडओव्हरला तीन मिनिटं काढा: काल काय चुकता चुकता राहिलं, आणि मागच्या आठवड्यात कळवलेल्याचं काय झालं. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. तीन मिनिटांच्या वर गेलं तर सिस्टर चुळबुळायला लागतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

इंडिकेटर (दर महिन्याला मोजायचे आकडे) कमी निवडा. एनएबीएचला जे द्यावं लागतं ते द्या, पण वॉर्डाच्या भिंतीवर दोनच लावा, ते वॉर्डाने निवडलेले असू देत. तीस आकड्यांची शीट दर महिन्याला कशी भरली जाते हे आपण दोघी जाणतो.

व्यवस्थापनाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या आयसीयूत आग लागून अकरा रुग्ण दगावले. ऑडिट म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मला त्या वर्षाने कायमचं शिकवलं. त्रुटी कागदावर येते, मग ती वायरिंग बदलायला पैसे कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत, कोणाच्या सहीने, हे ठरत नाही तोवर धोका जागेवरच असतो. म्हणून प्रमुखांकडून एकच गोष्ट मागून घ्या: सुरक्षेसाठी वर्षाला ठरावीक रक्कम, जी मेट्रन वा तुम्ही परचेस कमिटीची वाट न बघता खर्च करू शकाल. फार मोठी नसली तरी चालते. बाथरूमची दांडी, खाटेचा मोडलेला कठडा, बाटलीचा स्टँड अशा गोष्टींना पैसे कमी आणि सह्या जास्त लागतात. आणि प्रमुखांनी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं वॉर्डात यावं, ताफा न घेता, आणि विचारावं, "या आठवड्यात कशाची भीती वाटली?" पहिले दोन महिने कुणी बोलणार नाही, तरी त्यांना येत राहायला सांगा.

हे सगळं एकदम सुरू करू नका. आधी कपाटातले ते अकरा फॉर्म बाहेर काढा. ज्यांनी लिहिले त्यातल्या काही सिस्टर अजून तुमच्याकडे असतील. प्रत्येकीला तिच्या ड्यूटीच्या वेळी वॉर्डात जाऊन भेटा, उशीर झाल्याची माफी मागा, आणि विचारा की हे अजून तसंच आहे का. बहुतेक जणी हो म्हणतील. त्यातल्या ज्या दोन-तीन गोष्टी महिन्याभरात नक्की दुरुस्त होतील अशा वाटतात त्या हाती घ्या, आणि दुरुस्त झाल्या की तिलाच आधी दाखवा. ज्या होणार नाहीत त्यांचं कारणही तिला सांगा. बाराव्या फॉर्मची वाट त्यानंतर बघा.